पालमच्या रोग्याने इंग्रजी का शिकावे?

गंगाखेडहून पालममार्गे लोह्याकडे जाणाऱ्या एस.टी.त इंग्रजी संभाषणाच्या पातळ पुस्तिका विकणारा एखादा पोरगेला विक्रेता पूर्वी हमखास चढत असे. आता त्याचा बराचसा धंदा मोबाइलवरील चित्रफितींनी बळकावला आहे. माल मात्र तोच आहे. त्यात 'डॉक्टरकडे', 'औषधाच्या दुकानात', 'अपघात झाल्यास' अशी प्रकरणे असावयाचीच. एका बाजूस 'माझ्या पोटात दुखते', 'ही गोळी केव्हा घ्यावी?', 'रुग्णवाहिका बोलवा' अशी मराठी वाक्ये आणि दुसऱ्या बाजूस देवनागरीत त्यांचे इंग्रजी. त्या विक्रेत्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. आजारी माणसाला आजाराइतकीच दवाखान्याच्या कागदांचीही धास्ती वाटते, हे त्याने आपल्या अनेक पुढाऱ्यांच्या आधी ओळखले आहे.

परंतु या पुस्तिकेमागचे गृहीत तपासले पाहिजे. पालम तालुक्यातील रोगी मराठी बोलतो. त्याला तपासणारा डॉक्टर बहुधा मराठवाड्यातलाच, त्याची आईही घरी मराठीच बोलते. परिचारिका मराठी, औषध दुकानदार मराठी. या चौघांच्या हातांतून फिरणारा कागद तेवढा इंग्रजी! आणि तो कागद ज्याच्या शरीराविषयी आहे त्या एकट्यालाच तो वाचता येत नाही. अशा स्थितीत 'रोग्याने थोडे इंग्रजी शिकावे' असा उपदेश करणे म्हणजे ज्याला लुटले त्यालाच कुलूप विकत घ्यावयास सांगण्यासारखे आहे.

शिवाय तो कागद इंग्रजीही नाही, ही त्यातली खरी गंमत आहे. चिठ्ठीवर 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस', 'एसओएस' अशी जी अक्षरे असतात, ती लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. परंतु डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरली जातात. 'एसओएस'चा प्रकार तर उद्बोधक आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'गरज पडली तर' एवढाच. पण पुस्तिकेवरून इंग्रजी शिकलेल्या मुलाला 'एसओएस' म्हणजे संकटाची हाक हे पाठ असते. तेव्हा म्हाताऱ्या आजीच्या गुडघेदुखीची गोळी त्याने 'जिवावर बेतल्यावरच द्यावयाची' म्हणून डब्यात जपून ठेवली, तर दोष कोणाचा? जी भाषा इटलीतही आज कोणी घरी बोलत नाही, तिच्यातून पालमच्या आजीला गोळी केव्हा घ्यावी हे सांगितले जाते. ही शास्त्राची गरज नव्हे. जुन्या काळी मंत्र संस्कृतात ठेवून यजमानाला नुसते 'मम' म्हणावयास लावीत, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

चिठ्ठीकडून औषधाकडे या. गरिबाला दहा गोळ्यांची पट्टी परवडत नाही. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. औषधाचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख उरलेल्या तुकड्याबरोबर दुकानातच राहते. जे थोडेफार छापलेले हाती येते ते बारीक इंग्रजी अक्षरांत. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवावी', 'फक्त बाहेरून लावण्यासाठी', 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे' हे इशारे ज्याला द्यावयाचे, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाहीत.

याचे गांभीर्य एका उदाहरणाने ध्यानात येईल. लहान मुलांच्या तापावरचे पॅरासिटामॉल पातळ स्वरूपात दोन प्रकारे मिळते. तान्ह्या मुलांसाठी थेंबांची छोटी बाटली असते. तिच्यात एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते. औषध एकच, तीव्रता निराळी. थोरल्या मुलाला चमचाभर दिले म्हणून आईने थेंबांच्या बाटलीतूनही धाकट्याला चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर दिले, तर त्याच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, चौपट! हा फरक दोन्ही बाटल्यांवर छापलेला असतो. मात्र तो आईला वाचता येईल असा छापण्याचे बंधन कोणावर नाही. औषधाच्या वेष्टनावर प्रादेशिक भाषा असलीच पाहिजे असे सर्वसाधारण कलम १९४५च्या औषध नियमांत नाही.

आता त्याच गावातील कृषी सेवा केंद्रात चला. कापसावर फवारावयाच्या कीटकनाशकाच्या डब्याला १९७१चे कीटकनाशक नियम लागू होतात. ते सांगतात की वेष्टन व माहितीपत्रक हिंदी व इंग्रजीबरोबर, जेथे माल विकला जाणार त्या भागातील एका किंवा दोन भाषांत छापले पाहिजे. विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा चौकोन डब्यावर हवा. विषबाधेवरील उतारा लिहिलेला हवा. अक्षरे इतकी बारीक छापतात की भिंगाखेरीज वाचू नयेत, आणि कायदा असूनही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तरीही तत्त्व मान्य झाले आहे. बोंडअळीचे विष मराठीत मिळते आणि पोराच्या तापाचे औषध इंग्रजीत, ही विसंगती कोणत्या शास्त्राने समर्थनीय ठरते ते एखाद्या मंत्र्याने सांगावे.

'इतक्या भाषांत छापणे कंपन्यांना परवडणार नाही', हे ठरावीक उत्तर येईल. युरोपीय संघाच्या २००१च्या औषधविषयक निर्देशानुसार तेथील प्रत्येक देशात औषधाचे वेष्टन व माहितीपत्रक त्या देशाच्या राजभाषेत द्यावे लागते. एस्टोनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे. २०११च्या जनगणनेत आपल्या एकट्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या अठरा लाखांहून अधिक भरली. तेथे बड्या बहुराष्ट्रीय कंपन्या एस्टोनियन भाषेत मुकाट्याने छापतात. मराठी मातृभाषा असलेले लोक त्याच जनगणनेत आठ कोटी तीस लाख होते. येथे मात्र त्यांना परवडत नाही. परवडणे-न परवडणे हा हिशेब शाईचा व कागदाचा नाही. तेथे कायदा आहे आणि येथे तो मागणारे कोणी नाही.

आपल्याकडे हे कधी घडलेच नव्हते असेही नाही. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरविले. वैद्यकही उर्दूतून शिकविले गेले, आणि त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग उभारून ग्रंथ सिद्ध केले गेले. मराठवाड्यातील कुळाला उर्दू ही राज्यकर्त्यांची भाषा होती आणि त्या राज्याचा जाच आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगला आहे. तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु आधुनिक वैद्यक भारतीय भाषेत शिकविता येते, हे आपल्याच मुलखातल्या विद्यापीठाने सिद्ध केले होते, ही गोष्ट उरतेच. तिकडे मुंबईत १८४५ साली निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकातच मराठी व गुजराती वर्ग चालत, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. मुक्तीनंतर आणि स्वातंत्र्यानंतर आपण या दिशेने पुढे जावयास हवे होते. मागे आलो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. ताप किती तासांनी मोजावा हे सांगण्याची पात्रता मात्र तिला अद्याप मिळालेली नाही.

येथे आपल्याच मंडळींना एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. राममनोहर लोहियांच्या 'अंग्रेजी हटाओ' आंदोलनाचा वारसा आपण सांगतो. पण इंग्रजी हटवून तिच्या जागी शासकीय परिभाषा आणणे म्हणजे मुक्ती नव्हे. 'बधिरीकरण', 'अस्थिव्यंगोपचार', 'बाह्यरुग्ण' हे शब्द पाटीवर वाचून रोगी शेजाऱ्याला विचारतो, 'हाडाचा डॉक्टर कुठं बसतो?' लोकांनी 'बीपी', 'शुगर', 'सोनोग्राफी', 'सलाईन' हे शब्द केव्हाच पचविले आहेत. ते आता मराठीच होत. औषधाचे मूळ नावही जगभर एकच राहिले पाहिजे. पॅरासिटामॉलचे बारसे करावयाचे कारण नाही. २०२२ साली मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके निघाली, तेव्हा त्यांत इंग्रजी संज्ञा नागरी लिपीत तशाच ठेवल्या म्हणून सुशिक्षितांनी हेटाळणी केली. त्यामागचे राजकारण आपल्याला मान्य नसले, तरी संज्ञा तशाच ठेवण्यात चूक नव्हती असे माझे मत आहे.

लोकांच्या मराठीत मात्र अशी संपत्ती आहे की जी त्या पुस्तिकेने पाणी करून टाकली. पुस्तिकेत सगळ्या दुखण्याला एकच शब्द: 'पेन'. आपली बाई सांगते तेव्हा कळ येते ती निराळी, ठणका लागतो तो निराळा. चमक निघते, मुरडा पडतो, आग होते, छाती भरून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पू धरलेल्या गळवाला ठणका असतो, पोटातून येते-जाते ती कळ, पाठीत उचक भरल्यावर निघते ती चमक. ज्याचे कान शाबूत आहेत त्या डॉक्टरचे अर्धे निदान येथेच होते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि बहुतेकींची यापूर्वी कधी तपासणीच झालेली नव्हती. 'अंगावरून पांढरे जाते' हे ऐकून घेणारे कोणी भेटल्याखेरीज हे दुखणे कोणाच्याही आकडेवारीत येणे शक्य नव्हते.

तरीही केवळ भाषा बदलून भागेल असे कोणी समजू नये. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील कित्येकींना 'पिशवी खराब झाली, आता कॅन्सर होईल' असे सांगण्यात आले होते. हे सांगणे शुद्ध मराठीत होते! फसविणाराही लोकभाषा जाणतो. म्हणून सांगितलेले कागदावर असले पाहिजे, तेही तिच्या मुलाला, शेजारणीला, आशा ताईला वाचता येईल अशा भाषेत. म्हणजे ते दुसऱ्या डॉक्टरला दाखविता येते, उद्या जाब विचारता येतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपूर्वी रोग्याला पुरेशी माहिती दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच स्पष्ट केले आहे. न समजणाऱ्या भाषेतील अर्जावर उमटविलेला अंगठा ही संमती कशी ठरते?

आणि पालम-गंगाखेडच्या ज्या टोळ्या दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात, त्यांतल्या कित्येक कर्नाटकात जातात. तेथे रात्री बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या तर पुस्तिकेतल्या इंग्रजीने काय होणार? ट्रॅक्टरवाला कन्नड बोलतो. त्यांना दोन ओळी कन्नडच्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव लिहून दिले, तर ते अधिक उपयोगी पडेल.

कोणी इंग्रजी शिकूच नये असे मी म्हणत नाही. पालमची मुलगी परिचर्येचे शिक्षण घेण्यास नांदेडला जाते, तिला ते उत्तम आलेच पाहिजे, आणि ते फुकट शिकविण्याची व्यवस्था झाली पाहिजे. पण ती शिकते ती नोकरीसाठी. ताप आला म्हणून कोणाला परकी भाषा शिकावी लागू नये. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तिला फोन केला की पलीकडचा माणूस मराठीत बोलतो, गाव विचारतो, गाडी पाठवितो. आणीबाणीच्या घटकेला जी भाषा चालते, ती चिठ्ठीवर का चालू नये?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचे पैसे लागत नाहीत. कागद फुकट झाला. आता तो वाचता आला पाहिजे. वेष्टनावर मराठी हा कायद्याचा प्रश्न आहे, त्यासाठी दिल्लीपर्यंत भांडावे लागेल. पण चिठ्ठीसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शासकीय दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी एकच मागणी न्यावी. 'सकाळी, दुपारी, रात्री, जेवणाआधी, जेवणानंतर, किती दिवस' असे चौकोन असलेला रबरी शिक्का. केस पेपरवर तो उमटवावयाचा आणि चौकोनात खूण करावयाची. डॉक्टरचा वेळ यात जात नाही, परिचारिकाही खूण करू शकते. समितीकडे निधी नाही असे उत्तर आले तर आपण वर्गणी काढू. असला शिक्का गंगाखेडला कोणीही करून देईल. तोवर आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल घेऊन औषध दुकानांच्या ओळीत बसावे, आणि जो येईल त्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर ठळक मराठीत दुकानदाराकडून विचारून लिहून द्यावे: कोणती, केव्हा, किती.