यंत्राच्या तोंडाशी कोण उभा आहे?

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी आटोपली की ओळीओळींतून काड्यांचे ढीग साचतात. विदर्भ-मराठवाड्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीचा प्रश्न उभा राहतो. कोकणात जुन्या आंब्याच्या बागा छाटल्या की फांद्यांचा खच पडतो. यातला काही भाग पूर्वी चुलीत जाई, उरलेला बांधावर पेटवून दिला जाई. आता या ढिगांपाशी ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले, फांद्यांची आणि लाकडाची कुट्टी करणारे यंत्र येऊन उभे राहू लागले आहे. कोणी त्याला चिपर म्हणतो, कोणी श्रेडर, कोणी नुसते कुट्टीयंत्र. काही तासांत ढिगाचा भुगा होतो. बागाईतदाराला आच्छादन किंवा खत मिळते, यंत्राच्या मालकाला तासाचे भाडे मिळते आणि यंत्राच्या तोंडात फांद्या चारणाऱ्या मजुराला दिवसाची हजेरी मिळते. मात्र या तिघांपैकी हात किंवा पाय गमावण्याची पाळी एकट्या तिसऱ्यावरच येऊ शकते. या विषमतेची चर्चा ना कृषिप्रदर्शनांच्या मंडपात होते, ना अनुदानाच्या घोषणांत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्राला आंधळा विरोध करणे ही समाजवादी भूमिका कधीच नव्हती. गांधीजींचा आक्षेप यंत्राच्या हव्यासाला होता आणि डॉ. लोहियांनी तर छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता. काडीकचरा जाळल्याने जमिनीच्या तोंडचा घास जातो, धुराने गावाचे आरोग्य बिघडते. त्याची कुट्टी करून ती जमिनीला परत देणे सर्वथा इष्ट आहे. शिवाय केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर पाच टक्के जैवइंधन जाळण्याचे धोरण घालून दिल्यापासून शेतातल्या टाकाऊ लाकूडफाट्यालाही बाजार मिळू लागला आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून अवजारांना अनुदान दिले जाऊ लागले आणि गावोगावी अवजारे बँका उभ्या राहिल्या. तेव्हा ही यंत्रे वाढणार, हे उघड आहे. प्रश्न इतकाच की, त्यांच्याबरोबर सुरक्षिततेची शिस्त गावात येणार की नाही?

हे यंत्र माणसाला कसे जायबंदी करते, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण ज्ञानावाचून केलेली मागणी पोकळ ठरते. ट्रॅक्टरची शक्ती मागच्या पीटीओमधून एका फिरत्या दांड्याने यंत्राकडे जाते. हा दांडा सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याचा घेर वीतभर धरला तरी एका सेकंदात दोन मीटरच्या आसपास कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते. उपरण्याचे टोक, पदर किंवा सैल बाही त्यात सापडली तर ओरडायलाही अवधी मिळत नाही. दुसरा धोका यंत्राच्या तोंडाशी असतो. तेथले दातेरी रूळ फांदी आत ओढून घेतात. मिनिटाला वीस मीटर या वेगाने ओढणारा रूळ सेकंदाला फूटभर पुढे जातो. फांदीच्या बेचक्यात अडकलेला हात सोडवण्याचा विचार मनात येईपर्यंत तो हात फूटभर आत गेलेला असतो. तिसरा धोका आतल्या जड ढोलाचा किंवा चकतीचा. तिच्यावर बसवलेली पाती स्थिर पात्याशी लाकूड कापतात. पीटीओ बंद केला तरी ही चकती आपल्या वजनाच्या जोरावर बराच वेळ फिरत राहते. आवाज थांबला, म्हणजे पाते थांबले, हा समज अनेकांना महागात पडतो.

यावरचे उपाय गूढ नाहीत, खर्चिकही नाहीत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हातब्रेक ओढावा, चाकांना अटकाव द्यावा. भुसा फेकणारे नळकांडे माणसे, रस्ता व घरे यांच्यापासून दूर वळवावे. पीटीओच्या दांड्यावरील आच्छादन शाबूत असावे आणि ते दांड्याबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी बांधलेली असावी. चालू दांडा कोणीही ओलांडू नये. फांदी चारणाऱ्याने तोंडासमोर उभे न राहता बाजूला उभे राहावे, फांदीचे जाड टोक आधी द्यावे आणि रुळांनी ती पकडताच हात सोडावा. आखूड तुकडे हाताने किंवा पायाने कधीही ढकलू नयेत. ते लांब फांदीबरोबर द्यावेत किंवा लाकडी दांडक्याने सारावेत. वेली, दोर, तारा, खिळे ठोकलेले लाकूड, मातीदगड लागलेली मुळे यंत्रात घालू नयेत. दोर व वेल माणसाला बरोबर ओढतात आणि दगड-लोखंड पात्याचे तुकडे उडवते. अंगाला बसते कपडे, डोळ्यांना चष्मा, डोक्याला शिरस्त्राण, पायांत जाड बूट आणि कानांना संरक्षण हवे. या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि त्याने गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही. मनगटावर लोंबणारे हातमोजे, कडे, गळ्यातला गोफ घालून हे काम करू नये. कामावर एकटा माणूस ठेवू नये. यंत्र बंद करण्याचा दांडा कोठे आहे आणि तो कसा दाबावा, हे दोघांनाही ठाऊक असावे. मुलांना तर त्या आवारातही फिरकू देऊ नये.

देखभालीचे महत्त्व याहून कमी नाही. बोथट पाते अधिक धोकादायक असते, हे पुष्कळांना पटत नाही. बोथट पात्याने लाकूड कापले न जाता हिसके खाते, यंत्र तुंबते, आणि तुंबलेले यंत्र माणसाला हात घालण्याचा मोह घालते. म्हणून पाती वेळेवर आणि सर्व एकाच वेळी, सारखी घासावीत. एकच पाते घासले तर चकतीचा तोल जातो व बेअरिंग फुटते. फिरते पाते व स्थिर पाते यांतले अंतर आणि पात्यांच्या बोल्टांचा आवळ उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राखावा. बेअरिंगना व दांड्याच्या सांध्यांना रोज ग्रीस द्यावे, पट्ट्यांचा ताण पाहावा. एका जुगाडाबद्दल विशेष सावध राहिले पाहिजे. दांड्यातला शिअर बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. यंत्र अडकले की तो तुटतो आणि मोठा अनर्थ टाळतो. 'सारखा तुटतो' म्हणून त्याच्या जागी गावच्या वर्कशॉपमधून कडक बोल्ट ठोकून घेणे म्हणजे वीजजोडणीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालण्यासारखे आहे. आणि सर्व नियमांचा नियम असा : तुंबलेले यंत्र मोकळे करण्यापूर्वी पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून यंत्र साफ करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी, चकती पूर्ण थांबल्याची खात्री करावी, ती अटकावाच्या खिळीने अडकवावी आणि मगच झाकण उघडावे.

इतके सोपे नियम पाळले का जात नाहीत? अपघातानंतर गावात आणि पंचनाम्यात एकच शब्द ऐकू येतो : मजुराचा निष्काळजीपणा. हा शब्द फसवा आहे. यंत्राचे भाडे तासावर ठरते. तुंबलेले यंत्र नियमाप्रमाणे मोकळे करायचे तर दर वेळी काही मिनिटे जातात आणि ती कोणाच्या खात्यावर घालायची, यावरून बागाईतदार व यंत्रमालक यांच्यात कुरबुर होते. ती मिटते मजुराच्या हातावर. आच्छादन ग्रीस देताना आड येते म्हणून चालक ते काढतो आणि पुन्हा बसवत नाही. मजुराला यंत्राची ओळख कोणी करून दिलेली नसते. सूचनापुस्तिका इंग्रजीत असते आणि ती मालकाच्या कपाटात असते. ज्याला थांबण्याचा अधिकार नाही, त्याच्यावर न थांबल्याचा दोष ठेवणे हा न्याय नव्हे.

कायद्याची कथाही उद्बोधक आहे. हरितक्रांतीनंतर उत्तर भारतात मळणी यंत्रांनी असंख्य शेतमजुरांचे हात खाल्ले. त्यातून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. उत्पादकाला परवाना, यंत्रावर संरक्षक साधने, ते चालवणाऱ्याला इजा झाल्यास भरपाई आणि त्यासाठी मालकाने विमा उतरवणे ही त्याची तत्त्वे होती. तत्त्वे योग्य होती, पण खळ्यावर जाऊन ती पाहणारा निरीक्षक गावाला दिसला नाही. कारखान्यात फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर घातले होते. शेताचा बांध हा कारखाना नव्हे, म्हणून तेच यंत्र तेथे उघडे राहिले. २०२० च्या संहितेने तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहा कामगारांवरून वीसवर नेली. म्हणजे लाकडाची कुट्टी करणारे छोटे आवारही कुंपणाबाहेर गेले. ट्रॅक्टरने चालणाऱ्या शेतीकामावरील मजुराला १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात स्थान होते. तो विषय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्या जुन्या कायद्यात एक मेख होती. मजुराने जाणूनबुजून संरक्षक साधन काढले असेल, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून अन्य इजेबद्दल मालक जबाबदार नसे. आच्छादन मालकाने काढले की मजुराने, हे हात गेलेला माणूस सिद्ध कसे करणार?

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये आणि एक अवयव गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. योजना स्वागतार्ह आहे. परंतु ती वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या भूमिहीन मजुराला तिचे दार बंद आहे. एकाच यंत्राने एकाच दिवशी दोघांचे हात गेले, तर एकाला शासनाची मदत मिळेल आणि दुसऱ्याला मिळणार नाही. मालकीने माणसाच्या हाताची किंमत ठरवणारी ही रीत समतेच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. पीटीओवरील आच्छादन, उलट फिरवण्याचा व तातडीने बंद करण्याचा दांडा आणि मराठीतील सचित्र सूचना असल्याखेरीज कुट्टीयंत्राला अनुदान मिळू नये. अवजारे बँकेने यंत्राबरोबर चष्मे, शिरस्त्राणे व कानांची साधने द्यावीत आणि फांद्या चारणाऱ्या मजुरांना एक दिवसाचे सवेतन प्रशिक्षण द्यावे. अपघात योजनेत खातेदाराच्या बरोबरीने शेतमजुराचा समावेश करावा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून मालकांकडून लेव्ही घेण्याचा आणि मंडळामार्फत हमालांना संरक्षण देण्याचा मार्ग देशाला दाखवला. यंत्राच्या प्रत्येक भाड्याच्या तासावर अल्पशी लेव्ही बसवून शेतमजुरांसाठी तसाच निधी उभा करणे अशक्य नाही.

मात्र कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या छाटणीच्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या कुट्टीयंत्रांची यादी करावी. आच्छादन आहे का, बंद करण्याचा दांडा चालतो का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत : उघड्या दांड्याचे यंत्र गावात चालणार नाही, आणि यंत्र मोकळे करण्यासाठी लागलेल्या वेळाची मजुरी कापली जाणार नाही. शेतमजूर स्त्रियांच्या बैठकीत पदर खोचण्यापासून किल्ली खिशात ठेवण्यापर्यंतचे नियम प्रत्यक्ष यंत्राशी उभे राहून, ते बंद असताना समजावून द्यावेत. अपघात झालाच, तर पंचनाम्यात दांड्यावर आच्छादन होते की नव्हते याची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. पुढे भरपाईचा सारा झगडा त्या एका ओळीवर उभा राहणार असतो. कामे लहान आहेत, त्यांना सभेतल्या टाळ्या मिळणार नाहीत. पण छाटणी संपल्यावर गावातला प्रत्येक मजूर दोन्ही हातांनिशी घरी गेला, तर संघटनेने त्या हंगामात काही केले असे म्हणता येईल.