पाचवी पेनल्टी आणि हरभऱ्याचं पाणी



आज खत-फवारणीचं काही नाही. वर्ल्ड कप संपून तीन दिवस झाले, अर्जेंटिनावाल्यांचे फटाके पण वाजवून झाले. आता आम्ही ब्राझीलवाल्यांनी तोंड उघडायला हरकत नाही. डोक्यात ९ डिसेंबरची क्वार्टर फायनल अजून तशीच आहे. ब्राझील विरुद्ध क्रोएशिया. त्यावर माझं एक मत आहे आणि ते शेतीला पण लागू पडतं म्हणून इथं लिहितोय.

बाहेरच्या मित्रांना प्रश्न पडेल की शेतकऱ्याला फुटबॉलचं काय पडलंय. तर आम्ही कोल्हापूरकर. इथं तालमींची नावं कुस्तीइतकीच फुटबॉलच्या टीमला आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार खेळणार म्हणल्यावर गावाकडनं सुद्धा पोरं गाड्या काढून जातात. वर्ल्ड कप आला की पेठांतनं ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. मी पिवळ्या जर्सीचा, १९९४ पासनं.

तर त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रपाळी होती. मॅच साडेआठला सुरू आणि लाईट येणार दहाला. म्हणजे ९० मिनिटं पण घरात बसून पूर्ण होणार नव्हती. दहाला पाच कमी असताना ०-० वर टीव्ही सोडला, गमबूट घातले आणि उसाला पाणी पाजायला गेलो. मोटर चालू केली, सरीला पाणी लावलं आणि बांधावर मोबाईल काढून बसलो. एक्स्ट्रा टाईम सगळा तिथंच बघितला.

पहिल्या पंधरा मिनिटांच्या अगदी शेवटाला नेमारनं गोल केला. आधी रॉड्रिगो, मग पाकेटा, दोघांबरोबर देवाणघेवाण करत आत घुसला, गोलकीपरला पण चकवलं आणि बॉल जाळ्याच्या छताला. पेलेच्या ७७ गोलची बरोबरी. मी एकटाच रानात ओरडलो. पलीकडच्या वस्तीवरनं आवाज आला, "काय गवा आला काय रं?"

आता राहिली पंधरा मिनिटं. त्यात ११७ व्या मिनिटाला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपली अर्धी टीम पुढं, मागं रान मोकळं. मॉड्रिचनं बॉल सोडवला, ओर्सिच डावीकडनं पळाला आणि आत पास दिला. पेटकोविचचा फटका मार्किन्योसच्या पायाला घासून आत गेला. १२० मिनिटांत क्रोएशियाचा गोलच्या दिशेनं गेलेला तो एकच फटका. एक फटका, एक गोल. इकडं माझी सरी फुटून पाणी शेजारच्या शाळूत चाललेलं, ते मला पेनल्टी संपल्यावर दिसलं.

पेनल्टीत पहिला व्लासिच, गोल. आपल्याकडनं पहिला रॉड्रिगो, २१ वर्षांचं पोरगं. लिवाकोविचनं अडवलं. मग मायेर, मॉड्रिच, ओर्सिच, कुणी चुकला नाही. आपले कासेमिरो आणि पेद्रो बरोबर मारून आले. चौथा मार्किन्योस, बॉल खांबाला. ४-२. खेळ खलास.

आणि नेमार? नेमार मधल्या रेषेवर उभा. त्याचा नंबर पाचवा लावलेला. तो नंबर आलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडचं सगळ्यात खात्रीचं हत्यार शेवटासाठी राखून ठेवणं याला शहाणपण म्हणू नये. शेवट येईलच याची हमी कोण देतंय?

माझा पुतण्या शहरात शिकतो आणि फुटबॉल खेळतो. त्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "काका, पाचव्या पेनल्टीला सगळ्यात जास्त दडपण असतंय. तिथं भारी माणूसच लागतोय. आणि मॅच घालवली ती गोल खाल्ल्यामुळं, नंबरामुळं नव्हे." प्रशिक्षक तिते पण मॅचनंतर हेच बोलले की पाचवी निर्णायक, म्हणून तिथं नेमार. पुतण्याची दुसरी गोष्ट मला मान्य आहे. चार मिनिटं राहिली असताना १-० वर एवढी माणसं पुढं कशाला गेली, याला उत्तर नाही. पिकाची राखण मळणी होईपर्यंत करायची असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण पहिली गोष्ट पटत नाही. पाचव्याला दडपण असतं हे खरं, पण आधीचे चार नीट गेले तरच पाचवा येतो. पहिला चुकला की पुढच्या प्रत्येकाच्या पायात दगड बांधल्यासारखं होतं. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१२ च्या युरो सेमीफायनलला पोर्तुगालनं रोनाल्डोला असंच पाचवं ठेवलं होतं. स्पेननं ४-२ नं संपवलं आणि रोनाल्डोला बॉलला पाय लावायला मिळाला नाही. उलट यंदा मेस्सी बघा. नेदरलँड्सविरुद्ध अर्जेंटिनाकडनं पहिला तोच गेला, फायनलला पण पहिला तोच. दोन्ही जिंकले. आता फायनलला फ्रान्सकडनं पण एम्बापे पहिला होता आणि ते हरले, हे पण सांगायला पाहिजे. म्हणजे पहिला पाठवला की जिंकलाच असं नव्हे. पण त्यानं मारली तरी! मारून हरणं आणि उभं राहून हरणं यात फरक आहे.

आता हरभऱ्याकडं येतो.

गेल्या वर्षी मी हेच केलं होतं. भारी जमीन. शिफारस आपल्याला पाठ आहे. भारी रानात दोन पाणी, एक ३०-३५ दिवसांनी, दुसरं ६०-६५ दिवसांनी. मी काय केलं? पहिल्या वेळी म्हणलं, अजून थोडी ओल आहे, विहिरीचं पाणी राखू आणि घाटे भरताना एकदम भरपूर देऊ. खरं महत्त्वाचं तेच की! आणि नेमकं साठाव्या दिवसाच्या पुढं डीपी जळाला. दुसरा बसायला सतरा दिवस गेले. विहीर भरलेली, मी काठावर उभा आणि हरभरा माझ्यासमोर वाळतोय. एकरी आठ-नऊ क्विंटलचं रान, चार पण धड झालं नाही. त्या पैशात मुलीची फी भरायची होती, ती उसनवारीवर भरली.

त्या रात्री नेमारला मधल्या रेषेवर बघितलं आणि मला सतरा दिवस विहिरीच्या काठावर उभा असलेला मी आठवलो.

यंदाचा हरभरा ३ नोव्हेंबरचा, म्हणजे मॅचच्या रात्री ३६ दिवसांचा. आणि खोटं कशाला बोलू, यंदा पण मनात तेच चाललेलं. थोडं थांबू, विहीर राखू. सकाळी उठून रानात गेलो, वितभर खालची माती मुठीत दाबून बघितली. गोळा होईना, फुटायला लागली. त्याच रात्री हलकं पाणी दिलं. आज ४८ वा दिवस आहे, फांद्या चांगल्या फुटल्यात, फुलोरा भरात आहे. शेवटी किती उतारा पडतो ते मळणीला लिहीन, आत्ता फुशारकी नको.

कृषी सहायक आणि जाणकार मंडळी म्हणतील, ओल असताना पाणी दिलं तर हरभरा माजतो, मर लागते. बरोबर आहे. मी ओल न बघता पाणी सोडा असं म्हणत नाही. मी म्हणतोय, पिकाला गरज दिसत असताना फक्त पुढच्या भरवशावर हात आखडू नका. पुढं लाईट असेल, डीपी असेल, पाऊस येईल, भाव येईल, यातलं आपल्या हातात काय आहे? दोन पाण्याचं नियोजन असेल तर पहिलं पाणी पहिल्या वेळेलाच द्या.

जाता जाता क्रोएशियाबद्दल. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची होती तेवढीच. त्यांनी ३७ वर्षांच्या मॉड्रिचला शेवटासाठी राखलं नाही, तिसरा पाठवला. शेवटी तिसऱ्या नंबरचं मेडल घेऊन घरी गेले. जिल्ह्याएवढा देश, पण आहे ते वेळेवर वापरलं.

पुतण्याचं अजून माझ्याशी पटलेलं नाही. तुमच्याकडं पाणी राखून फायदा झाल्याचा अनुभव असेल तर तो पण सांगा, मी ऐकायला तयार आहे. फक्त जमीन कसली आणि पीक किती दिवसांचं होतं ते लिहा.

शेजारच्या शाळूत गेलेल्या पाण्याचं भांडण मिटलं. तो अर्जेंटिनावाला आहे, सध्या खुशीत आहे.