मूळ डबा घेऊनच दवाखाना गाठा

फवारणी झाली की उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ओसरीवर ठेवायची सवय काही जात नाही. दुडदुडणाऱ्या लेकराला त्यातला फरक कसा कळावा?

आमच्या भागातल्या एका बापाने हे भोगले. दीड वर्षाच्या पोरीने बाटली तोंडाला लावली. लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. पहिल्या खासगी दवाखान्याने 'पोलीस केस आहे' म्हणून दारातूनच परत लावले. सरकारी रुग्णालयात विचारले, "औषध कोणतं?" बाटलीवर नाव कुठले! मग अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली. पोर लालबुंद होऊन तळमळू लागली, तिचे हात बांधावे लागले. आईबापाला वाटले, पोर हातची गेली. हा अ‍ॅट्रोपिनचाच परिणाम असतो, एवढे सांगायलाही कोणी थांबले नाही. पोर वाचली, पण ती रात्र ते विसरणार नाहीत.

पोलीस केस असली तरी आधी उपचार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात दिला आहे. सरपंच, पोलीस पाटलांनी तो गावात सांगावा आणि दवाखान्यांनी पाळावा.

आपण काय करायचे? मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. लगेच 108 ला फोन करा. मूळ डबा सोबत न्या. विषावरचा उतारा लेबलावर छापलेला असतो. औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. या हंगामात घरोघर एवढे झाले तरी पुष्कळ.