मावशीच्या हातावरचं वर्तुळ

मावशीच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधोमध, नर्सने निळ्या बॉलपेनने गोल काढला. मध्ये सुई टोचल्याचा बारीक फुगवटा. ‘‘दोन दिवसांनी दाखवायला या. तोवर खाजवायचं नाही, चोळायचं नाही.’’ रिक्षात बसल्याबसल्या मावशी माझ्यावर घसरली. ‘‘बोटं माझी दुखतायत आणि हे टीबी शोधतायत! आपल्या घरात कुणाला झालाय का कधी?’’

मावशीला आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. नेहमीच्या गोळ्यांना दुखणं दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी टीएनएफ रोखणारं इंजेक्शन सुचवलं आणि त्याआधी ही मांटू चाचणी. सांध्यांच्या औषधासाठी टीबीची परीक्षा का, हा मावशीचा प्रश्न रास्तच होता. त्याचं उत्तर एकाच प्रथिनात आहे, आणि त्या प्रथिनाचं बारसं दोनदा झालंय.

पहिलं बारसं कर्करोगवाल्यांनी केलं. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९१पासून कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले. धावरं उठलेल्या एका रुग्णाची गाठ विरघळल्याची नोंद त्यांना सापडली होती. काहींना गुण आला, पण का आला ते कुणालाच सांगता येईना. १९७५मध्ये त्याच शहरात, स्लोन केटरिंग संस्थेत, लॉइड ओल्ड यांच्या चमूला उंदरांच्या रक्तात गाठ मारणारा पदार्थ मिळाला. नाव पडलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. समोरचा रस्ता ओलांडला की रॉकफेलर विद्यापीठ. तिथे अँथनी सेरामी वेगळ्याच कोड्यात अडकले होते. अंगात परजीवी मोजकेच असूनही गुरं हाडाला कातडं चिकटेपर्यंत झिजतात कशी? झिजवणाऱ्या पदार्थाला त्यांनी कॅशेक्टिन म्हटलं. १९८५मध्ये ब्रूस बॉइटलर आणि सेरामी यांनी दाखवलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच रेणूमागे लागले होते.

कॅशेक्टिनला मराठीत मी ‘क्षयकर’ म्हणेन. टीबीला आपण क्षय म्हणतो तेही अंग झिजतं म्हणूनच, आणि त्या झिजण्यात या प्रथिनाचा हात असतो.

टीएनएफसारख्या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. एक पेशी निरोप सोडते, दुसरी आपल्या अंगावरच्या ग्राहीने तो झेलते, आणि आतली जनुकं चालू-बंद होतात. गंमत अशी, की निरोप एकच असला तरी झेलणारी पेशी कोण, ती कोणत्या अवस्थेत आहे, यावर अर्थ बदलतो. टीएनएफ एका पेशीला ‘मर’ सांगतो, दुसरीला ‘तग धर, वाढ’. नावावर जाऊन त्याला कर्करोगाचा वैरी समजणारे १९९९मध्ये चक्रावले. टीएनएफ नसलेल्या उंदरांना त्वचेच्या गाठी जास्त व्हायला हव्या होत्या. फ्रान्सिस बाल्कविल यांच्या प्रयोगात त्या कमी झाल्या. रेंगाळणारी सूज गाठीला खतपाणी घालते, ते असं.

मावशीच्या बोटांतही अशीच सूज रेंगाळतेय. सांध्याचं आतलं अस्तर एरवी एकदोन पेशींच्या थराचं, ओल्या कागदासारखं तलम. टीएनएफ आणि त्याचा जोडीदार इंटरल्युकिन-६ यांचा निरोप थांबेना, की तिथल्या पेशी वाढत सुटतात, अस्तर जाडजूड होतं आणि कूर्चेवर चढून ती खाऊ लागतं. तपासणीच्या वेळी डॉक्टर बोटाच्या पेराशी अंगठ्याने दाबतात, तेव्हा हाताला लागतं ते हाड नव्हे, हे फुगलेलं अस्तर. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२मध्ये आमवाताच्या रुग्णांमध्ये टीएनएफ अडवून पाहिला आणि वर्षानुवर्षं आखडलेले लोक हातपाय हलवू लागले.

मग २००१ साली अमेरिकेतून बातमी आली. टीएनएफ अडवणारं औषध घेतलेल्या ७० जणांना टीबी उपटला होता, बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच. टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला, की बहुतेकदा शरीर त्याला मारत नाही, कोंडतं. भोवती पेशींचं कडं उभं राहतं आणि ते जागेवर ठेवायला टीएनएफ लागतो. टीएनएफ अडवला की कडं ढासळतं आणि जंतू बाहेर. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या अंगात असा कोंडलेला जंतू आहे. मावशीच्या ‘आपल्या घरात कुणाला’ या सवालाला तिथेच उत्तर मिळतं.

म्हणूनच दुकानातल्या ‘इम्युनिटी वाढवा’ छापाच्या बाटल्यांवर माझा राग आहे. कुठली वाढवायची? सांध्यातली वाढली तर मावशीची बोटं वाकडी होतील. फुप्फुसातली घटली तर टीबी. प्रतिकारशक्ती म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे, पातळी वर नेली की काम झालं असं म्हणायला. आपली सरकारी यंत्रणा या बाबतीत जाहिरातवाल्यांपेक्षा शहाणी निघाली: क्षयरोग कार्यक्रमाच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत टीएनएफविरोधी औषधं घेणाऱ्यांना टीबी-प्रतिबंधक उपचाराच्या यादीत घेतलंय.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी वर्तुळावरून बोट फिरवलं. लाली मोजायची नसते. कडक लागतं तेवढंच मोजायचं. ती गाठही सायटोकाइनांनीच बोलावून आणलेल्या पेशींची. पारदर्शक पट्टी ठेवली: १४ मिलिमीटर. अशा रुग्णांमध्ये ५ सुद्धा पुरेसे धरतात.

‘‘म्हणजे मला टीबी आहे?’’ मावशीचा चेहरा पडला.

‘‘जंतू आहे, पण सध्या तो तुमच्या ताब्यात आहे,’’ डॉक्टर म्हणाले. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. आधी महिनाभर आयसोनियाझिडची गोळी, मग सांध्यांचं इंजेक्शन, आणि गोळी पुढेही काही महिने चालूच.

मावशी रोज सकाळी गोळी घेतली, की कॅलेंडरवर लाल फुली मारते. पेन अजून डाव्या हाताने उजव्या मुठीत बसवावं लागतं. पहिल्या इंजेक्शनला अकरा फुल्या बाकी आहेत.

— सूक्ष्मदर्शी