बंद करण्याचेही एक शास्त्र आहे



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखादे यंत्र मांडलेले दिसले, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चालू करून दाखव पाहू." "आता बंद करून दाखव" असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. घरी बनवलेल्या, हातात धरून खेळायच्या खेळयंत्राच्या बाबतीत तरी हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

असे यंत्र बनवणे आता अवघड राहिलेले नाही. २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला रास्पबेरी पाय हा खिशात मावणारा संगणक, एक लहान पडदा, काही बटणे, लिथियमचा घट आणि त्याचा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवणारे मंडल, एवढे साहित्य डब्यात बसवले की झाले. मग घटाच्या तारेत एक साधा खटका घातला जातो आणि काम संपले असे आपल्याला वाटते. गफलत येथेच होते.

तुम्ही म्हणाल, १९८९ सालच्या जपानी 'गेम बॉय'ला असाच खटका होता, त्याचे काय बिघडले? त्याचा प्रोग्रॅम कार्ट्रिजमधील रॉममध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या स्मृतीत असे. वीज गेली तरी त्याला धक्का लागत नसे. खेळातील प्रगती साठवली जात असताना मात्र वीज बंद करू नका, अशी सूचना काही खेळ पडद्यावर देत.

रास्पबेरी पायची गोष्ट वेगळी आहे. त्याची सगळी व्यवस्था मेमरी कार्डावर असते आणि त्यावर अधूनमधून लिखाण चालू असते. दुकानदार जसा दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवतो, तसाच हा संगणक काही मजकूर अर्धा मिनिटभरसुद्धा तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो आणि मग कार्डावर लिहितो. मध्येच वीज तोडली, तर कच्ची वही जळून गेल्यासारखे होते. शिवाय कार्डातील स्मृती मोठ्या गठ्ठ्यांनी पुसली जाते. त्यासाठी कार्ड आतल्या आत शेजारचा मजकूरही हलवत असते. त्या क्षणी वीज गेली, तर ज्या फाइलला आपण हातही लावला नव्हता, तीही बिघडू शकते. मग प्रदर्शनाच्या दिवशी यंत्र सुरूच होत नाही आणि महिन्याची मेहनत वाया जाते.

"एक मोठा कपॅसिटर जोडला तर?" असे कोणी विचारील. हिशेब करू. यंत्र ०.५ अँपिअर प्रवाह घेते आणि दाब ५ वरून ४.७ व्होल्टपर्यंत उतरलेला चालतो, असे धरा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.००१ × ०.३ ÷ ०.५, म्हणजे ०.०००६ सेकंद पुरेल! रीतसर बंद होण्यास १० सेकंद लागतात असे मानले, तर सुमारे १७ फॅरड हवेत. पण मुळात उणीव ऊर्जेची नाहीच. तासन् तास पुरेल एवढी ऊर्जा डब्यातल्या घटात आहे. चूक आहे ती घट केव्हा तोडायचा हे ठरवण्याचा अधिकार बोटाकडे देण्यात. बोटाने फक्त विनंती करावी, संगणकाने आवराआवर करावी आणि शेवटी वीज त्यानेच तोडावी.

हे साधणारे मंडल तुम्हांला समजेल असेच आहे. घट आणि दाब चढवणारे मंडल यांच्यामध्ये पी-चॅनल मॉसफेट बसवा; ३ व्होल्टलाही पुरता चालू होणारा निवडा. त्याचे गेट १०० किलोओहमच्या रोधाने घटाच्या धन टोकाला जोडले, की तो बंद राहतो. बटण दाबले की गेट ऋण टोकाकडे खेचले जाते आणि वीज सुरू होते. संगणक जागा झाला की त्याची एक पिन एका एनपीएन ट्रान्झिस्टरला चालू करते व तो गेटला तसेच धरून ठेवतो. मग बटण सोडावे. तेच बटण पुन्हा दाबले, की दुसऱ्या पिनला खबर मिळते, संगणक कामे आवरतो, पहिल्या पिनवरील दाब शून्य होतो आणि मॉसफेट बंद पडतो. बटणापासून गेटकडे आणि पिनकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर एकेक डायोड हवाच. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो आणि पिनला ३.३ व्होल्टच सोसतात.

"पडद्यावर बंद करण्याची सोय असतेच की!" हा आक्षेप अर्धाच खरा. तशा रीतीने बंद केल्यावरही संगणक थोडा प्रवाह घेतच राहतो, म्हणून खटका लागतोच. आणि धाकट्या भावाच्या हाती खटका आधी लागतो! संगणक अडकून बसला तर उपयोगी पडावा म्हणून मात्र एक खटका डब्याच्या आत जरूर ठेवा. लिथियमच्या घटाची दोन टोके चुकूनही एकमेकांना जोडू नका. आग लागू शकते. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. शाळेतील प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो, हे मुलांना दाखवा आणि कारण विचारा. यंत्राच्या प्रत्येक अवस्थेचा विचार करणे, हीच खरी अभियांत्रिकी. प्रदर्शनात गुण देताना यंत्र वीस वेळा चालू-बंद करायला सांगा आणि बंद अवस्थेतील प्रवाह मल्टिमीटरने मोजायला लावा. तो जवळजवळ शून्य आला आणि एकविसाव्या वेळीही खेळ सुरू झाला, तर त्या मुलाला पहिला क्रमांक द्यायला हरकत नाही.