गहाण पडलेली प्रतिमा

वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदाराला कर्ज हवे तर गाळा, यंत्रे, प्रसंगी राहते घरही बँकेकडे तारण ठेवावे लागते. विजय मल्ल्यांच्या किंगफिशर एअरलाइन्सकडून मात्र बँकांनी नाममुद्राही तारण म्हणून स्वीकारली! कॅलेंडरे, मेजवान्या आणि वृत्तपत्रांतली छायाचित्रे यांनाच उद्योगकौशल्य समजण्याचा हा पराक्रम. २००५ साली आकाशात झेपावलेल्या या कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही, हे ताळेबंदात कोणालाही दिसत होते. कर्ज देणाऱ्या बहुतेक बँका सार्वजनिक क्षेत्रातल्या, म्हणजे पैसा सामान्य ठेवीदारांचा. २०१२ मध्ये उड्डाणे थांबली. कामगारांचे पगार त्याआधीच थकले होते. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ती नाममुद्रा लिलावात काढली. राखीव किंमत ३६६.७० कोटी रुपये. बोली लावायला एकही जण पुढे आला नाही.