लंघनाचे कौतुक पुरे झाले!

परवा इंग्लंडहून भाचीचा फोन आला. तिच्या दोन वर्षांच्या मुलाला उलट्या होऊ लागल्या, तशी ती त्याला घेऊन थेट इस्पितळात गेली. शिरेतून साखरेचे पाणी दिले आणि दुसऱ्या दिवशी पोर हसत घरी आले. हे मी कट्ट्यावर सांगितले, तर एक स्नेही म्हणाले, "एक दिवस पोट रिकामे राहिले तर काय बिघडते? लंघनासारखे औषध नाही!"

बिघडते, महाराज! मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर, पण भाचीने समजावले ते कळले. पोटात अन्न नसले की शरीर आधी यकृतातली साखर वापरते, मग चरबी. चरबीतल्या आम्लांची लांब साखळी पेशीत दोन-दोन कार्बनांनी तोडली जाते. मधल्या लांबीच्या, म्हणजे साधारण ६ ते १२ कार्बनांच्या तुकड्यांसाठी एक खास विकर लागते, 'एमकॅड'. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर ते विकर काम करत नाही. मग साखर संपते, चरबी उपयोगी पडत नाही आणि वरून धडधाकट दिसणारे मूल गुंगीत जाते. वेळीच साखर मिळाली नाही तर दगावतेही. यावर उपाय काय? मुलाला उपाशी ठेवायचे नाही, आणि आजारपणात अन्न ठरत नसेल तर ताबडतोब इस्पितळ गाठायचे. बस्स!

भाचीला हे कळले ते मूल पाच दिवसांचे असताना टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांमुळे. इंग्लंडमध्ये २००९ पासून प्रत्येक बाळाची ही तपासणी होते. आपल्याकडे गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या अशा रक्ततपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. इतरत्र बऱ्याच ठिकाणी आजही ती मागून घ्यावी लागते.

"असला दोष लाखात एखाद्याला," असे म्हणणारे भेटतात. आपल्याकडे तो विरळा आहे, मान्य. पण त्याच थेंबांतून थायरॉइडची जन्मजात उणीवही कळते, आणि ती काही इतकी विरळा नाही. शिवाय ज्याच्या घरचे मूल गेले, त्याला लाखाचा हिशेब काय सांगणार?

एक कबुली देतो. आषाढी एकादशीला कडक उपास करणाऱ्या चिमुरड्यांना मी वर्गात उभे करून शाबासकी देत असे. आज त्याची लाज वाटते. मोठ्यांनी उपास खुशाल करावेत, मीही एकादशी करतो. पण तान्ह्या आणि आजारी लेकरांवर आपले लंघनाचे तत्त्वज्ञान लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

असो. आजी-आजोबांनो, बारशाच्या चांदीच्या वाळ्यांचा खर्च आपण मोजत नाही. मग टाचेच्या चार थेंबांचा का मोजावा?